छंदी गटाचं संकेतस्थळ: डोमेनचं शेपूट आणि वर्गणीची वही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही मोडी वाचणारी पंचेचाळीस-पन्नास मंडळी आहोत. बरेचसे पुण्यात नि साताऱ्यात, दोघे तंजावरला, चौघे परदेशात. घरात सापडलेल्या जुन्या कागदांचे फोटो एकमेकांना दाखवायचे, अडलेलं अक्षर सोडवायचं आणि वाचून झालेलं सगळ्यांसाठी नीट मांडून ठेवायचं, हा आमचा उद्योग. त्याच्या संकेतस्थळाचा खर्च आणि हिशेब गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे. पक्षी बघणारे, गड फिरणारे, देशी बियाणं जपणारे असे इतर गट मला फोन करून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

डोमेन विकत घेतलं की ते कायमचं आपलं होतं का?

नाही. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचं नाव. आपण ते "विकत घेतलं" म्हणतो, पण ते भाड्याचं घर आहे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं आगाऊ भरता येतं, त्यापुढे पुन्हा भरायचं. भाडं थांबलं की घर दुसऱ्याला.

या घराला मालक कोण, तेही समजून घ्या. प्रत्येक शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग, एका रजिस्ट्रीकडे, म्हणजे त्या शेपटाची नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडे असतो. डॉट कॉम व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे, डॉट ऑर्ग पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे, डॉट इन आपल्या निक्सीकडे. आपण ज्याच्याकडून नाव घेतो तो रजिस्ट्रार, म्हणजे मधला दुकानदार. डॉट कॉमच्या एका नावाचे वर्षाला ठरलेले पैसे व्हेरिसाइनला द्यावेच लागतात (सप्टेंबर २०२४मध्ये हा दर १०.२६ डॉलर झाला), मग दुकानदार कोणीही असो. म्हणून कुणी ९९ रुपयांत डॉट कॉम देत असेल, तर तो भाव फक्त पहिल्या वर्षाचा आहे हे ओळखा आणि दुसऱ्या वर्षाचा भाव विचारा.

मी हे सगळ्यांत आधी सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न याच्याभोवती फिरतात. दरवर्षी हे भाडं कोण भरणार, याचं उत्तर नाव निवडण्याआधी ठरायला हवं.

डॉट ऑर्ग घ्यायला संस्था नोंदलेली लागते का?

लागत नाही. डॉट कॉम व्यापारासाठी, डॉट नेट जाळं चालवणाऱ्यांसाठी आणि डॉट ऑर्ग बाकी सगळ्यांसाठी, अशी वाटणी १९८४-८५च्या सुमारास झाली. पहिलं डॉट कॉम नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ला नोंदलं गेलं. पण या तीन शेपटांना कुंपण कधी पडलंच नाही. कुंपण आहे ते डॉट एज्यु, डॉट गव्ह, डॉट मिल यांना. डॉट ऑर्ग तुम्ही-आम्ही कुणीही घेऊ शकतो. त्यामुळे एखाद्या नावामागे डॉट ऑर्ग दिसलं म्हणून ती धर्मादाय संस्थाच आहे असं मानू नका, आणि तुमच्या सदस्यांनाही तसं भासवू नका.

तरी या शेपटाबद्दल लोकांना आपुलकी आहे, आणि ती एकदा फार ठळकपणे दिसली. जून २०१९च्या अखेरीस आयकॅनने, म्हणजे डोमेनचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, डॉट ऑर्गच्या भाववाढीवरची मर्यादा काढून टाकली. नोव्हेंबरात बातमी आली की इंटरनेट सोसायटी आपली ही रजिस्ट्री एथॉस कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला १ अब्ज १३.५ कोटी डॉलरना विकणार. जगभरच्या लहानमोठ्या संस्था खवळल्या. लॉस एंजलिसमध्ये आयकॅनच्या दारात जानेवारी २०२०मध्ये निदर्शनं झाली. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी पत्र लिहून विक्रीला विरोध केला. अखेर ३० एप्रिल २०२०ला आयकॅनने ही विक्री नामंजूर केली. एक कोटीहून जास्त नावं त्या शेपटावर होती, आणि त्यातली कितीतरी आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या गटांची. घरमालक बदलला की भाडं वाढतं, ही भीती ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो राग समजेल.

शेपटावरून पैसे कुठून येतात याचा अंदाज बांधता येतो का?

नियम म्हणून नाही. पण शेपूट निवडणं हे कधी कधी वचन देण्यासारखं असतं.

विकिपीडियाची गोष्ट बघा. जानेवारी २००१मध्ये तो सुरू झाला तेव्हा पत्ता विकिपीडिया डॉट कॉम होता, आणि खर्च बोमिस नावाची कंपनी उचलत होती. पैसा आटत चालला. फेब्रुवारी २००२मध्ये जाहिराती येण्याची शक्यता बोलून दाखवली गेली, आणि स्पॅनिश भाषेत लिहिणारे बरेचसे स्वयंसेवक उठून निघाले. त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या आधाराने स्वतंत्र ज्ञानकोश मांडला. आम्ही फुकट लिहितो ते कुणाच्या जाहिराती खपाव्यात म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर जाहिराती घेणार नाही असं जाहीर झालं आणि त्याच वर्षी पत्ता डॉट ऑर्गवर गेला. २००३मध्ये विकिमीडिया फाउंडेशन उभं राहिलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, म्हणजे त्याने ते डॉट कॉमचे दिवस पाहिलेच नाहीत.

दुसरं उदाहरण बुद्धिबळाचं. चेस डॉट कॉम ही कंपनी. ती २००७पासून चालते, सदस्यत्वाचे पैसे घेते, फुकट खेळणाऱ्यांना जाहिराती दाखवते. लीचेस डॉट ऑर्ग २०१०मध्ये एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलं. आज ती फ्रान्सच्या १९०१च्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था आहे. तिथे जाहिरात नाही, आणि पैसे देणाऱ्याला जास्तीची एकही सोय नाही. देणगी दिली की तुमच्या नावाशेजारी पंखाचं एक इवलंसं चिन्ह येतं, तेवढंच. वर्षाचा खर्च कशावर होतो याचा तक्ता सगळ्यांसाठी उघडा असतो. दोन्ही ठिकाणं उत्तम चालतात. माझा जीव मात्र त्या पंखावर आहे. तक्ता उघडा ठेवून मागणाऱ्याला लोक देतात, हे त्यातून दिसतं.

आपल्यासाठी डॉट इन बरं की डॉट कॉम?

सदस्य बहुतेक भारतात असतील तर डॉट इन उत्तम. २००५पासून ते सगळ्यांना खुलं आहे आणि रिन्यूअल साधारणपणे डॉट कॉमपेक्षा स्वस्त पडतं. पैसे रुपयांत, पावती इथली, तक्रारीची जागा इथली. डॉट को डॉट इन, डॉट ऑर्ग डॉट इन ही त्याचीच पोटशेपटं. त्यांना कसलीही कमी प्रतिष्ठा नाही, पण फोनवर नाव सांगताना लांब पडतात.

डॉट भारत घ्यावं का? मराठीत पत्ता किती छान दिसेल!

दिसतो खराच छान. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ला सुरू झालं. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी, सिंधी या भाषांसाठी ते एकच शेपूट आहे. आम्ही लिपीवेडी माणसं, म्हणून आम्ही पहिल्या संधीला घेतलं.

अनुभव असा, की पत्ता टाइप करून येणारे फार थोडे. इंग्रजी की-बोर्डवरून मराठीवर जायचं, टिंब शोधायचं, परत यायचं, एवढ्यात माणूस कंटाळतो. पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर अनेकदा एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ उमटते, कारण यंत्रणा आतून रोमन अक्षरांतच चालते. आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ती माळ बघून "हा व्हायरस आहे का?" असं विचारलं होतं. त्या पत्त्यावरची ई-मेल तर कित्येक फॉर्म स्वीकारतच नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आहे: नावात "लिपी" असेल तर लोक "लिपि"ही लिहितात, आणि ही दोन वेगवेगळी नावं ठरतात.

म्हणून आम्ही मुख्य पत्ता डॉट इन ठेवला आणि डॉट भारतवर आलेला माणूस आपोआप तिथे पोचेल अशी सोय केली. वर्षाला काहीशे रुपये जास्तीचे जातात. ते जाऊ देण्याचा ठराव सभेत एकमताने झाला, आणि मला त्याचा आनंद आहे.

डॉट आयओ, डॉट टीव्ही, डॉट एआय ही फॅशनेबल शेपटं कशी?

दोन अक्षरी शेपूट दिसलं की ते कुठल्या तरी देशाचं किंवा प्रदेशाचं आहे हे लक्षात ठेवा. तिथलं सरकार, तिथलं राजकारण, तिथले नियम तुमच्या घराला लागू होतात.

डॉट टीव्ही तुवालूचं. पॅसिफिकमधला हा अकरा हजार वस्तीचा देश. या शेपटाच्या हक्कातून आलेल्या पैशाच्या जोरावर तो २०००मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. डॉट एआय कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत २०२३मध्ये त्यांना यातून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. लहान देशांच्या पदरात असं काही पडतं हे मला फार आवडतं. पण तुमच्या गटाने ते भाडं भरायचं का, हा वेगळा हिशेब आहे, कारण ही नावं डॉट इनच्या कित्येक पट महाग असतात.

डॉट आयओ हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं, म्हणजे चागोस बेटांचं. ही बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने मे २०२५मध्ये सही केली. प्रदेशाचा कोड रद्द झाला तर शेपूटही पुढे-मागे निवृत्त होऊ शकतं. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू असंच ३० मार्च २०१०ला बंद झालं.

गटांना प्रत्यक्ष फटका बसल्याची दोन उदाहरणं मी नेहमी सांगते. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर क्वीअर डॉट एएफ नावाचा एक समूह होता. इंग्रजी बोलीत शोभतं म्हणून त्यांनी डॉट एएफ घेतलं होतं. ते अफगाणिस्तानचं शेपूट. तालिबानच्या हाती सत्ता आल्यावर तिथल्या मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये ते नाव बंद केलं. दुसरं डॉट एमएल, मालीचं. ते दहा वर्षं एका डच व्यावसायिकाच्या कंपनीकडे चालवायला दिलं होतं. जुलै २०२३मध्ये करार संपला, मालीने शेपूट परत घेतलं, आणि त्यावर फुकटात बसलेल्या कित्येकांची नावं त्या दिवसांत गेली. त्यांत लेमी या जाळ्यातला एक मोठा छंदी समूहही होता. सदस्य तेच, मजकूर तोच, पण दारावरची पाटीच नाहीशी झाली.

फुकट डोमेन मिळतं म्हणे?

मिळायचं. टोकेलाऊचं डॉट टीके आणि आफ्रिकेतल्या काही देशांची शेपटं फ्रीनॉम ही कंपनी फुकट वाटायची. फसवणूक करणाऱ्यांनी त्यांचा इतका वापर केला की मेटाने खटला भरला. २०२३मध्ये नवी नोंदणी थांबली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये कंपनीने हा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. पैसे नसतीलच तर एखाद्या ब्लॉग-सेवेच्या पोटपत्त्यावर सुरुवात करा. ते प्रामाणिक आहे.

डॉट क्लब, डॉट विकी, डॉट एक्सवायझेड यांचं काय?

२०१२मध्ये आयकॅनने नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले. अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. २०१४पासून ही शेपटं बाजारात आली. अडचण एकच: यांतल्या बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष अगदी स्वस्त आणि रिन्यूअल पाच-दहा पट. काही छान नावांवर "प्रीमियम" शिक्का असतो आणि तो भाव दरवर्षी लागू होऊ शकतो. घेण्याआधी रिन्यूअलचा आकडा कागदावर लिहून सभेत वाचून दाखवा.

आपल्या आकाराच्या गटाला वर्षाचा खर्च किती येतो?

आमच्या वहीतलं गेल्या वर्षीचं पान समोर आहे. दोन डोमेनचे मिळून सुमारे १,९०० रुपये. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायच्या जागेचं भाडं, ७,२००. कागदांच्या स्कॅनसाठी वेगळी जागा आणि तिचा बॅकअप ५,४००. दोन हार्ड डिस्क, एक साताऱ्याला आणि एक पुण्याला, यांची या वर्षापुरती वाटणी १,५००. एकूण साधारण १६,०००. किमतींत १८ टक्के जीएसटी धरला आहे. परदेशी विक्रेत्याकडून घेतलं तरी तो लागतो, आणि लोक नेमका तोच धरायला विसरतात.

पाहा, डोमेनचा खर्च किती लहान. पण तो चुकला तर बाकीचे चौदा हजार कुणाला दिसतच नाहीत. म्हणून आमच्या वहीत पहिली ओळ डोमेनची असते, आणि वर्गणीचे पहिले पैसे आले की आधी ती ओळ भरली जाते.

जाहिराती घ्याव्यात का?

लहान गटाला त्यातून फार काही मिळत नाही, आणि मोठ्या गटाचा त्यात गळा अडकू शकतो. विकिया, म्हणजे आताचं फॅन्डम, २००४पासून छंदी लोकांना फुकट जागा देतं आणि जाहिरातींवर कमावतं. वर्षानुवर्षं जाहिराती वाढत गेल्या, मजकूर झाकू लागल्या. सप्टेंबर २०२३मध्ये माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाच्या विकीचे संपादक तिथून उठले आणि माइनक्राफ्ट डॉट विकी या स्वतंत्र पत्त्यावर गेले. मजकुराचा परवाना खुला होता म्हणून सगळं लेखन सोबत नेता आलं, पण जुनी प्रतही फॅन्डमवर तशीच राहिली. तुमच्या हाताने लिहिलेलं तुमच्याच शोधात तुमच्याशी स्पर्धा करतं, असा तो प्रकार.

जाहिरात वाईटच असते असं मात्र नाही. विणकाम करणाऱ्यांचं रॅव्हेलरी २००७पासून चालतं. तिथे जाहिराती लोकर रंगवणाऱ्या, नमुने विकणाऱ्या लहान-लहान व्यावसायिकांच्या असतात. वाचणाऱ्याला त्या हव्याच असतात. तुमच्या छंदातलाच कारागीर, दुकानदार किंवा प्रकाशक थेट तुमच्याशी बोलून वर्षाचे पैसे देत असेल आणि पाटी कुठे लावायची हे तुम्ही ठरवणार असाल, तर जरूर घ्या. आम्ही बोरूची शाई-दौत विकणाऱ्या एका गृहस्थांची पाटी दोन वर्षं लावली होती. लोकांनी ते सामान आवडीने घेतलं.

वर्गणी मागायला संकोच वाटतो. कशी मागावी?

आपल्याकडे वर्गणीची परंपरा घरोघर आहे, मग संकोच कशाला? गणपतीची वर्गणी लोक का देतात? पावती हातात मिळते, मांडव डोळ्यांना दिसतो आणि शेवटी जमाखर्च फळ्यावर लागतो म्हणून. तीच तीन कामं इथे करायची.

आम्ही वर्षातून एकदाच मागतो, पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस. किती हवेत ते आधी सांगतो: "यंदा १६,००० लागतील, शिल्लक ३,२००, म्हणजे १२,८०० जमवायचे." रक्कम पुरी झाली की मागणं बंद. कुणी ५१ दिले, कुणी १,००१ दिले. पावतीचा कागद दोघांना सारखाच. नावांची यादी देतो, आकडे नावापुढे लिहीत नाही. हा आमचा निर्णय आहे. आकडे लिहायला लागलो तेव्हा ५१वाले गप्प झाले होते.

जगातही हेच दिसतं. चाहत्यांच्या कथांचं आर्काइव्ह ऑफ अवर ओन घ्या. २००७मध्ये एका ब्लॉग-कंपनीने अचानक शेकडो खाती पुसली, तेव्हा लिहिणाऱ्यांनी ठरवलं की सर्व्हरही आपले आणि नावही आपलं. त्यांची संस्था वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात, देणगी मागते. दहा डॉलर दिले की मंडळाच्या निवडणुकीत मत. ओपनस्ट्रीटमॅपच्या फाउंडेशनचं सदस्यत्व वर्षाला १५ पौंड आहे, पण वर्षात ४२ दिवस नकाशावर काम केलेल्याला ते फुकट मिळतं. हा नियम मला इतका पटला की आम्हीही घेतला: वर्षात बारा कागद वाचून देणाऱ्याची वर्गणी भरली असं धरतो.

पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? संस्था नोंदवावी का?

वर्षाला दहा-वीस हजार आणि तेही सदस्यांकडूनच, एवढंच असेल तर दोन माणसांचं जॉइंट खातं आणि यूपीआयचा कोड पुरतो. एकट्याच्या पगाराच्या खात्यात मात्र घेऊ नका. पुढे त्या माणसाला प्रत्येक जमेचं उत्तर द्यावं लागतं.

रक्कम वाढली किंवा बाहेरच्या लोकांना आवाहन करायचं ठरलं, की नोंदणीचा विचार करा. १८६०च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवली जाते. त्यानंतर दरवर्षी ऑडिट आणि कागदपत्रं आलीच. देणगीदाराला ८०जी या नावाने ओळखली जाणारी करसवलत द्यायची तर आयकर खात्याची वेगळी मान्यता लागते. ती सवलत जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच मिळते आणि २,०००वरच्या रोख देणगीवर मिळत नाही. नुसत्या ८०जीसाठी नोंदणी करणाऱ्या लहान गटांना मी थांबायला सांगते. काम पेलणारी सात माणसं आहेत का, ते आधी बघा.

परदेशातल्या एखाद्या मध्यस्थ संस्थेच्या छत्राखाली पैसे ठेवायचा मार्गही असतो. अमेरिकेत ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने शेकडो गटांना असं छत्र दिलं होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी संस्था गुंडाळत असल्याचं कळवलं आणि वर्षअखेरीपर्यंत सगळ्यांना दुसरी सोय बघावी लागली.

अमेरिकेतले आमचे सदस्य पैसे पाठवू शकतात का?

इथे फार जपा. परदेशी देणगीचा कायदा, एफसीआरए, पैसा कुठून निघाला यापेक्षा देणारा कोण आहे हे बघतो. भारतीय पासपोर्ट असलेला सदस्य परदेशात नोकरी करून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण तोच माणूस तिथला नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तो परदेशी स्रोत ठरतो, आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला ते पैसे घेता येत नाहीत. नोंदणी झाली तरी पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात.

आमच्या चौघांपैकी दोघे तिकडचे नागरिक आहेत. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांच्याकडून आम्ही पैसे घेत नाही, श्रम घेतो. दोघेही स्कॅन साफ करून देतात. तुमच्या गटात असा प्रश्न असेल तर एकदा सीएला फी देऊन विचाराच.

डोमेन कुणाच्या नावावर असावं?

याचं उत्तर आम्ही किंमत मोजून शिकलो. आमचं पहिलं डोमेन एका उत्साही तरुण सदस्याने घेतलं होतं. ई-मेल दिला तो त्याच्या तेव्हाच्या कंपनीचा. त्याने नोकरी बदलली. रिन्यूअलची स्मरणपत्रं बंद पडलेल्या खोक्यात जात राहिली. कार्डावर ऑटो-रिन्यूअल लावलेलं होतं, म्हणून आम्ही सगळे निश्चिंत. एका सोमवारी सकाळी तंजावरहून फोन आला, "अहो ताई, आपल्या पानावर आज भलतंच काहीतरी दिसतंय." उघडून बघते तर आमच्या नावाखाली कर्जाच्या आणि बुटांच्या जाहिराती.

ऑटो-रिन्यूअल का चाललं नाही? रजिस्ट्रार परदेशी होता. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आगाऊ नोंदणी आणि प्रत्येक वेळी आधी सूचना लागते. ज्या परदेशी विक्रेत्यांनी ती व्यवस्था केली नाही, त्यांचं ऑटो-रिन्यूअल आपल्या कार्डांवर चालेनासं झालं. म्हणून भारतातल्या गटांनी ऑटो-रिन्यूअलवर विसंबू नका. तारीख कॅलेंडरात लिहा आणि हाताने भरा. शक्य असेल तर तीन-चार वर्षांचं एकदम भरा.

आता आमच्याकडे खातं गटाच्या ई-मेलवर आहे. त्याचा पासवर्ड दोघांकडे, आणि एक बंद पाकीट अध्यक्षांच्या कपाटात. तो ई-मेल गटाच्या डोमेनवरचा नाही, कारण डोमेन बंद पडलं तर त्याचीच ई-मेल बंद पडते आणि किल्ली घरात राहून दार लागतं.

मुदत उलटून गेली. नाव परत मिळेल का?

घाबरू नका, पण आजच हलायला लागा. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या शेपटांत मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस, कधी महिना-सव्वा महिना, नेहमीच्या भावात भरू देतात. त्यानंतर तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो. त्यात नाव परत मिळतं, पण दंड जबर असतो. मग पाच दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि सहाव्या दिवशी बाजारात मोकळं. मोकळी होणारी नावं पकडायला यंत्रं टपलेलीच असतात.

आम्ही रिडेम्प्शनमध्ये सापडलो. डोमेनच्या आठ वर्षांच्या भाड्याइतका दंड भरला. त्या तरुणाने तो स्वतः भरायची तयारी दाखवली. सभेने नकार दिला, कारण नाव त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडणारे आम्ही सगळेच होतो.

रजिस्ट्रार बदलता येतो का?

येतो. लॉक काढा, ट्रान्सफरचा कोड मागा, नव्या ठिकाणी द्या. नवं घेतलेलं नाव पहिले साठ दिवस हलवता येत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या शेपटांत ट्रान्सफरबरोबर एक वर्षाची मुदत वाढून मिळते. मुदत संपायला महिना राहिला असताना हा खटाटोप करू नका.

गट थंडावला, वर्गणी येईना, तर मजकुराचं काय?

याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये कायमचं बंद झालं, आणि त्याआधीच तिथला सगळा जुना मजकूर पुसला गेला होता. कितीतरी छंदांची वीस-वीस वर्षांची बोलणी त्यात गेली. त्यामुळे ही सोय गट धडधाकट असताना करायची असते.

आमची व्यवस्था अशी: दोन वर्षांचं डोमेन आणि एका वर्षाचं होस्टिंग एवढी रक्कम बाजूला ठेवलेली आहे, तिला हात लावायचा नाही. सगळ्या स्कॅनची प्रत दोन डिस्कवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर आहे. वाचलेल्या कागदांचा मजकूर खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे पुढे कुणालाही तो उचलून नव्या पत्त्यावर मांडता येईल. वहीच्या शेवटच्या पानावर रजिस्ट्रारचं नाव, रिन्यूअलची तारीख, डिस्क कुणाच्या घरी आहेत आणि पाकीट कुठे आहे, हे लिहिलेलं आहे. दर पाडव्याला ते पान सभेत मोठ्याने वाचतो. यंदा साताऱ्याची डिस्क वाईला गेली, म्हणून ती ओळ खोडून नवी लिहिली.